फोल्डिंग ट्रेलरचं छत हाताला जड लागतं? मोठे शॉकर घालण्याआधी हे बघा

आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

• छताचा पल्ला जागचा हलत नाही. जोर लावला की चर्र आवाज करून सुटतो आणि पुढे बरा जातो.
• सुरुवात ठीक, पण अर्ध्यावर अडतो आणि धक्का दिला की पुढे सरकतो.
• एक कोपरा आधी उठतो, दुसरा मागे रेंगाळतो.
• घरच्या अंगणात सहज उघडतो, बाहेर नेला की दोघं लागतात.
• वर गेलेला पल्ला थांबत नाही, हळूहळू खाली येतो.
• पहिल्या इंचापासून शेवटपर्यंत सारखाच जड.

मी डिचोलीत फॅब्रिकेशनची शेड चालवतो. चतुर्थी झाली, पाऊस ओसरला आणि ट्रेलरवरची ताडपत्री निघाली की ही तक्रार घेऊन लोक यायला लागतात. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचा, आत झोपता येणारा, दोन उतरत्या छतांचा, तंबूच्या आकाराचा. पुढचा पल्ला पुढच्या भिंतीला बिजागरीनं जोडलेला, मागचा मागच्या भिंतीला. दोन्ही वर उचलून मधोमध आढ्याला भेटवायचे आणि मग बाजूचे त्रिकोण उभे करायचे. मिटल्यावर एक पल्ला दुसऱ्यावर चढून बसतो.

येणाऱ्याचं निदान घरूनच ठरलेलं असतं: "मेस्त्री, शॉकर गेले. मोठे घाला, वाद नको." शॉकर म्हणजे गाडीच्या डिकीला असतो तो गॅसचा दांडा. कधी कधी तो खरंच गेलेला असतो. पण बहुतेक वेळा जडपणा घासण्यातून आलेला असतो, आणि त्यावर ताकदीचे शॉकर चढवले की मूळ दोष झाकला जातो. मग एक दिवस बिजागरीचे स्क्रू प्लायसकट उपटून हातात येतात. म्हणून माझ्याकडे पहिलं काम मोजायचं.

काटा लावा

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या. उघडताना जिथे हात लावता तिथेच, पल्ल्याच्या सुट्या कडेला, हुक अडकवा. पल्ला रबरातून सुटून फूटभर वर आला की तिथून काट्यानं सावकाश वर ओढा. ओढ पल्ल्याशी काटकोनात हवी, तिरकी नको. पल्ला सरकत असतानाचा आकडा टिपा. मग त्याच जागेवरून पल्ला काट्यावर तोलत सावकाश खाली सोडा आणि तोही आकडा टिपा. दुसरा माणूस पल्ल्याला हात देऊन जवळ असू दे.

समजा वर जाताना १९ किलो आले आणि खाली येताना ९. फरक १०. त्याचा निम्मा, म्हणजे ५ किलो, हे निव्वळ घर्षण आहे. दोन आकड्यांची सरासरी १४, ते खरं वजन, शॉकरनं उचललेला भाग वजा जाऊन उरलेलं. घर्षण वर जाताना तुमच्या विरुद्ध असतं आणि खाली येताना पल्ल्याला धरून ठेवतं, म्हणून हे गणित जमतं.

माझा अंदाज असा: घर्षण २ किलोच्या आत असेल तर बिजागऱ्या आणि रबर यांना हात लावू नका, तिकडे वेळ जाईल. ३ च्या वर असेल तर शॉकरचा विषयच काढू नका, आधी घासतंय कुठे ते शोधा. सरासरी १२ च्या आत असली तर बहुतेकांना एकट्यानं उघडता येतो.

आणखी एक. पल्ला जसजसा उभा होत जातो तसं त्याचं हातावरचं वजन कमीच व्हायला हवं. शॉकर नसला तरी ४५ अंशांवर ते सुरुवातीच्या साधारण ७० टक्केच उरतं. त्यामुळे मध्येच आकडा वाढला तर तो दोष वजनाचा नाही. काहीतरी अडतंय, एवढं पक्कं समजा. पुढच्या प्रत्येक तपासणीनंतर पुन्हा त्याच जागी काटा लावा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कधीच कळणार नाही.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी

सगळ्या क्लिपा सुटल्यात ना, प्रवासाचं आतलं लॉक निघालंय ना, आणि वर बसणारा पल्ला आधी उचलताय ना, हे बघा. हसू नका. खालचा पल्ला आधी उचलला तर तुम्ही एका वेळी दोन पल्ले उचलत असता.

मग जमीन. घरी हलका आणि बाहेर जड, या तक्रारीत निम्मं उत्तर इथेच मिळतं. एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असलं की चासी पिळते, चासीबरोबर वरची चौकट पिळते आणि लांब बिजागरी सरळ रेषेत राहत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही, सुतळीला दिसतं. पल्ले वर करून नीट टेकू द्या आणि भिंतींच्या वरच्या कडेवर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन सुतळ्या तिरक्या ताणून बांधा. मध्ये जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे त्या जेमतेम टेकायला हव्यात. फट दिसली, किंवा एक सुतळी दुसरीला दाबून वाकवत असली, तर चौकट पिळलेली आहे.

उपाय चाकाखाली फळी घालण्याचा आहे, कोपऱ्यातले स्टँड फिरवण्याचा नाही. ते स्टँड डगमग थांबवण्यासाठी असतात, ट्रेलर उचलण्यासाठी नाहीत. त्यांच्या जोरावर एक कोपरा वर ढकलला की तुम्हीच चासीला पीळ देता. क्रम असा ठेवा: चाकांना ओंडके, फळ्या घालून आडवी लेव्हल, जॉकी व्हीलनं (पुढच्या टोकाचं वर-खाली होणारं लहान चाक) पुढची-मागची लेव्हल, मग स्टँड नुसते टेकवायचे आणि शेवटी छत.

सपाट काँक्रीटवर चारही चाकं-स्टँड नीट असताना सुतळीत फट येत असेल तर मात्र चासी कायमची वाकली आहे. त्याचं शेवटी सांगतो.

वारा हाही विचारात घ्या. हरमल-मोरजी पट्ट्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. दोन मीटर रुंदीचा पल्ला त्या वाऱ्यात अर्धा उघडा धरला की आधी जड लागतो आणि मग अचानक हातातून सुटतो. किनाऱ्याजवळ छत सकाळीच उघडा.

छतावर काय चढवलंय?

नवा असताना हलका होता म्हणणाऱ्यांनी मधल्या काळात छतावर सोलर पॅनल, कॅरियर, पंख्याचं झाकण असं काहीबाही बसवलेलं असतं. १०० वॉटचं काचेचं पॅनल साधारण ७ किलोचं. ते आढ्याच्या कडेला बसवलं तर जवळजवळ सगळे ७ किलो तुमच्या हातावर येतात. तेच बिजागरीपासून पाव अंतरावर बसवलं तर पावणेदोन. नवा काहीच खर्च नाही, फक्त जागा बदलायची आणि जुनी भोकं नीट बुजवायची.

दुसरं वजन पाण्याचं. गोव्याच्या पावसात चार महिने उभा राहिलेला ट्रेलर कुठेतरी पाणी पितोच. पल्ल्याच्या कडांना बोटाच्या पेरानं ठोकत जा. कोरडा भाग टणक वाजतो, भिजलेला भाग बद्द. कडेचा अॅल्युमिनियमचा पट्टा किंचित फुगलेला दिसेल, स्क्रूभोवती काळा डाग असेल. आत शिरलेलं प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. पल्ला आठवडाभर उघडा ठेवून सावलीत वाळवा आणि पुन्हा काटा लावा. नवा पल्ला करून घेताना प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन प्लाय. आयएस ३०३ मधला साधा एमआर प्लाय स्वस्त पडतो, पण आमच्या हवेत तो कडांना सुटतो.

रबर

चर्र करून सुटणारा पल्ला म्हणजे रबर बीडिंग चिकटलेलं. महिनोन् महिने क्लिपा आवळून ठेवल्या की रबर दबतं, त्यात मीठ आणि धूळ बसते आणि ते पत्र्याला डकतं. साबणाच्या पाण्यानं पुसा, वाळू द्या, मग फडक्यावर सिलिकॉन स्प्रे घेऊन हलका हात फिरवा. स्प्रे नसेल तर टाल्कम पावडरही चालते. काम दहा मिनिटांचं.

खोबरेल लावू नका. घरात असतं म्हणून सगळे लावतात. चार दिवस छान वाटतं, मग ते चिकट होतं आणि धूळ ओढतं. ग्रीस आणि इंजिन ऑइल तर अजिबात नको. या कामाला वापरतात ते काळं इपीडीएम रबर खनिज तेलानं फुगतं, आणि फुगलेलं रबर पल्ल्याला आणखी आवळून धरतं. पावसाळ्यापूर्वी ठेवताना क्लिपा एक आटा सैल सोडल्या आणि वर ताडपत्री नीट बांधली तर ऑक्टोबरात हा त्रास फारसा होत नाही.

बिजागरी

घर्षणाचा खरा कारखाना इथे. लांबलचक पियानो बिजागरी असेल तर तिच्या खाली वाकून, टॉर्च धरून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर लावा. डिचोली-सत्तरीतल्या गाड्यांच्या बिजागरीत तांबडी धूळ तेलाबरोबर कालवून लापशीसारखी झालेली दिसते. ही धूळ नुसती घाण नाही, ती पिन झिजवते. पावसाळ्यात कुंभारीण माशी खाचेत मातीची घरं बांधते. पल्ला उघडला की ती चुरडतात आणि माती थेट गाठींमध्ये जाते.

जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन सगळं खरवडून काढा. किनाऱ्यावर फिरलेला ट्रेलर असेल तर त्याआधी गोड्या पाण्यानं धुवा, मीठ रॉकेलात विरघळत नाही. गंज धरला असेल तर डब्ल्यूडी-४० मारून पल्ला थोडा थोडा हलवत राहा. पण तो गंज सोडवायला आहे, त्यावर वंगणाचं काम सोडू नका, काही दिवसांत उडून जातो. वाळल्यावर पियानो बिजागरीला पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे द्यावा असं माझं मत आहे, कारण ग्रीस लावलं की पुन्हा धूळ बसणार. जाड पिनेच्या सुट्या बिजागऱ्या असतील तर त्यांना मरीन ग्रीस.

साफ करूनही घर्षण उतरलं नाही तर बिजागरी रेषेत नाही. खात्री करायची रीत सोपी आहे. पल्ल्याला दोन्ही कोपऱ्यांत टेकू द्या, बिजागरीचे स्क्रू एक सोडून एक अर्धा आटा सैल करा, टेकू काढून काटा लावा. आकडा उतरला तर दोष सरळपणाचा आहे. बहुधा खालचा प्लाय फुगून पट्टी लाटेसारखी झालेली असते. बिजागरी काढून, फुगीर भाग कानशीनं किंवा रंध्यानं सपाट करून, ताण न देता पुन्हा बसवावी लागते.

अॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी पूड दिसली तर ती पुसून पुढे जाऊ नका. खारट ओलाव्यात स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. ती पूड फुगते, बिजागरी आवळते आणि भोकं मोठी होतात. स्क्रूखाली नायलॉन वॉशर घाला आणि भोकात सीलंट भरा. स्टेनलेस घेताना ३१६ मागा. ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग लवकर येतात.

आता शॉकर

घर्षण उतरलं, वजन तपासलं, तरी सरासरी जास्त आहे, किंवा वर गेलेला पल्ला खाली येतो. तेव्हा शॉकरकडे वळा.

पल्ला पूर्ण उघडा आणि दोन्ही कोपऱ्यांत लाकडी टेकू द्या, नुसता माणूस धरून उभा नको. शॉकरची चकचकीत दांडी बघा. तेलाचा ओघळ, उभा ओरखडा किंवा गंजाचे बारीक खड्डे दिसले तर आतलं सील गेलं किंवा जाणार. दांडीला ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून सीलच कापतं.

मग टोकाच्या गोळ्यावरची क्लिप पेचकसानं उचलून शॉकर काढा. अंगावर न्यूटनमध्ये ताकद छापलेली असते. १० न्यूटन म्हणजे जवळपास १ किलो, त्यामुळे ४०० लिहिलं असेल तर ४० किलो. घरातल्या वजनकाट्यावर फळी ठेवा, शॉकर दांडी खाली करून उभा धरा, वरच्या टोकावर दुसरी फळी ठेवून सरळ दाबा. दांडी आत जायला लागते तो आकडा वाचा. ४० च्या जागी २५ आला तर गॅस गेला. तिरका दाबू नका, सटकतो. छापील ताकद २० अंश तापमानाची असते, आपल्याकडच्या ३३ अंशांच्या उन्हाळी हवेत ती चार टक्के जास्त भरते. पहाटे जड आणि दुपारी हलका या तक्रारीत हा वाटा असतो, पण तो एवढाच.

बदलायचे तर जोडी बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला की पल्ला तिरका उठतो. बसवताना पल्ला बंद असताना दांडी खालच्या बाजूला राहील असं बघा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.

आणि "मोठे घाला" का नको, ते आकड्यांत बघा. १.८ मीटर लांबीचा ३२ किलोचा पल्ला, शॉकरशिवाय कडेला उचलला तर हातावर १६ किलो. पल्ला बंद असताना शॉकर जवळजवळ आडवा पडलेला असतो, बिजागरीपासून त्याचं काटकोनी अंतर धरा ५ सेंटीमीटर. ४०० न्यूटनचे दोन शॉकर मिळून तिथे तुमचे जेमतेम सव्वादोन किलो वाचवतात. पल्ला ४५ अंशांवर गेला की तेच अंतर २० सेंटीमीटर होतं आणि हातावर अडीच किलोसुद्धा उरत नाहीत. आता ६०० चे घाला. सुरुवातीला जेमतेम एक किलो आणखी वाचतो. वर मात्र शॉकर पल्ल्यापेक्षा भारी होतो, पल्ला स्वतःच उसळतो आणि मिटताना त्याला लोंबकळावं लागतं. तो सगळा ताण बिजागरीच्या आणि ब्रॅकेटच्या स्क्रूंवर.

त्याऐवजी खालचं ब्रॅकेट सरकवून सुरुवातीचं अंतर ५ चं १० सेंटीमीटर केलं, तर त्याच ४०० वाल्यांतून साडेचार किलो वाचतात. आधी पुठ्ठ्यावर मोजमाप काढा, दोन्ही स्थितींत शॉकरची लांबी पुरते का बघा, मग भोक पाडा. पहिल्या वीतभर ढकलायला कोपऱ्यांत दाबाची जाड स्प्रिंग बसवणं हा दुसरा उपाय, आणि पहिला धक्का जड वाटणाऱ्यांना तोच जास्त आवडतो. उंची कमी पडणाऱ्यांसाठी रबरी टोकाचा दांडा करून देतो. त्यानं ढकलायचं, पण टेकू म्हणून त्यावर विसंबायचं नाही.

हँडल फिरवून वर जाणारं छत

या प्रकारात चार कोपऱ्यांचे खांब वायर रोपनं वर जातात. हँडल जड फिरत असेल तर वरचं सामान उतरवा, खांब पुसून सिलिकॉन मारा, कप्प्या मोकळ्या फिरतात का बघा. विंच, म्हणजे हँडलनं वायर रोप गुंडाळणारं चक्र, त्याच्या दातांना ग्रीस चालतं. ब्रेकवाला विंच असेल तर ब्रेकच्या चकत्यांना वंगणाचा थेंबही लागू देऊ नका, छत घसरेल. वायर रोपवरून जाड फडकं फिरवा, उघड्या हातानं नको. एखादी तार जरी फडक्यात अडकली तरी छत वर नेऊ नका.

इथे थांबा

वायर रोप बदलणं आणि ताणलेल्या टॉर्शन स्प्रिंगला हात लावणं हे घरचं काम नाही. स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. गॅस शॉकर कापू, भोसकू किंवा तापवू नका, आत दाबाखालचा नायट्रोजन असतो. ब्रॅकेटचं वेल्डिंग करायचं असेल तर शॉकर आधी काढून दूर ठेवला पाहिजे. तुमचा वेल्डर "राहू दे, काही होत नाही" म्हणाला तर वेल्डर बदला.

बिजागरीचे स्क्रू पिळले तरी नुसते फिरत राहतात, पेचकस प्लायमध्ये रुततो, तर लांब स्क्रू किंवा एम-सील हा उपाय नाही. कुजलेला भाग कापून नवा जोड द्यावा लागतो, तोवर पल्ल्याखाली कुणी झोपू नये. बिजागरीच्या कडेनं गॅसची नळी किंवा वायरिंग जात असेल तर ते काम जाणणाऱ्या माणसालाही बरोबर घ्या.

आणि सपाट काँक्रीटवरही सुतळीत फट येत असेल, किंवा चासीच्या जोडांवर रंग तडकून गंजाची बारीक रेघ दिसत असेल, तर छत जड आहे ही तुमची लहान अडचण. तो ट्रेलर रस्त्यावर ओढू नका, कारागिराला जागेवर बोलवा. चासीची लांबी-रुंदी किंवा मूळ बांधणी बदलावी लागली तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो फेरफार धरला जातो. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.